यादीत सुई नव्हती

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

काही दिवसांपूर्वी आपल्या याच सदरात एका वाचकांचं पत्र वाचलं. २०२०च्या टाळेबंदीनं आपल्याला एक गोष्ट शिकवली, माणसाला जगायला फार थोडं लागतं, असा त्याचा सूर होता. धान्य, औषध आणि डोक्यावर छप्पर. बाकी सगळी हौस. पत्र चांगलं लिहिलं होतं, खोटं कशाला बोलू. मी ते आमच्या ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वाचता वाचता माझा आवाज चढत गेला. ‘अगं, ऐकू येतंय मला,’ असं हे म्हणाले तेव्हा कुठं थांबले. राग नेमका कशाचा आला ते त्या क्षणी सांगता येईना. आठवडाभर डोक्यात घोळलं, आता लिहिते. पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा, माझा सगळा जन्म कात्री लावण्यातच गेला आहे.

मी शिवण शिकवायचे. एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरात एक पायमशीन, दोन कात्र्या आणि चिंध्यांचं एक गाठोडं एवढा संसार उरला. टाळेबंदी लागली, नाकातोंडावर मास्क सक्तीचा झाला आणि औषधांच्या दुकानातले मास्क बघता बघता संपले. इमारतीतल्या एकीनं दारातून विचारलं, ‘काकू, शिवून द्याल का?’ संध्याकाळपर्यंत सतरा जणांची नावं माझ्या वहीत होती. कापडाची अडचण नव्हती, जुन्या सुती चादरी भरपूर. दोराही होता. इलॅस्टिक मात्र हातभर उरलेलं.

इलॅस्टिक शिवणसामानाच्या दुकानात मिळतं आणि ते दुकान बंद, कारण तिथलं काहीच जीवनावश्यक नाही. मास्क मात्र जीवनावश्यक, आणि तोही कायद्यानं. केंद्र सरकारनं १३ मार्च २०२० रोजी सर्जिकल मास्क, एन-९५ मास्क आणि सॅनिटायझर यांना १९५५च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली आणलं होतं. त्याच कायद्याच्या परिशिष्टात कापसाच्या सुताच्या लडीसुद्धा आहेत. मला हे पूर्वीपासून ठाऊक होतं आणि शिवणवाली म्हणून त्याचा थोडा अभिमानही होता. म्हणजे सूत जीवनावश्यक, मास्क जीवनावश्यक, आणि तो मास्क कानाला अडकवणारी वीतभर पट्टी चैनीची. मग गादीवर ताणून बसवायच्या चादरी असतात ना, त्यांच्या कडेचं इलॅस्टिक मी उसवून काढलं. ते संपलं तेव्हा जुन्या लेगिंजच्या कमरेचं. तेही संपल्यावर कापडाच्याच बारीक नाड्या शिवायला घेतल्या, एका मास्कला चार. आणि तिथं माझी सुई गेली.

गेली म्हणजे मोडली नाही. मोडली असती तर निदान कळलं असतं. टोक किंचित वाकलं. दोनपदरी कापडाला चुणी घातली की त्या जागी सहा पदर होतात, त्यावर नाडीचे आणखी चार. चौदा नंबरची सुई त्यावर दिवसभर आपटत राहिली की बोथट होते, मग टाके सुटायला लागतात, खाली दोऱ्याचा गुंता होतो आणि कापडाला भोकं पडतात. मशीनची सुई ही हातशिलाईच्या सुईसारखी नसते. तिचं नेढं टोकाजवळ असतं, दांड्याची एक बाजू सपाट असते आणि ती एकाच बाजूनं बसते. हे सगळं मी आपल्याला का सांगते आहे? कारण नाक्यावर उभ्या असलेल्या पोलिसदादाला मी नेमकं हेच सांगत होते. ओळखीच्या एका शिवणसामानवाल्याचं घर पलीकडच्या गल्लीत, त्याच्याकडे सुया नक्की असणार म्हणून निघाले होते. पोरगा माझ्या विद्यार्थिनींच्या मुलांच्या वयाचा. ‘आजी, सुई आणायला बाहेर पडलात? अख्ख्या घरात एक सुई नाही?’ मागे उभे असलेले दोघं-तिघं हसले. मी नेढ्यापर्यंत पोचले तेव्हा तर त्यानं हात जोडले. त्याच्यावर माझा राग नाही. उन्हात उभं राहून शंभर जणांची शंभर कारणं त्यानं किती ऐकायची? त्याच्याकडे यादी होती आणि यादीत सुई नव्हती. एवढं मात्र पाहिलं, की त्याच्या स्वतःच्या मास्कचं इलॅस्टिक सैल पडलं होतं आणि कानामागे त्याला गाठ मारलेली होती.

परत येताना मला त्या यादीतली मेख कळली. यादी करणाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला असावा: घरात रोज काय संपतं? जे संपतं ते चटकन डोळ्यासमोर येतं, धान्य, दूध, औषध, इंधन. पण जे मोडतं ते मोडेपर्यंत आठवत नाही. चष्म्याची काडी, चार्जरची वायर, बाथरूममधला बल्ब, नळाचा वॉशर. ही चैन आहे असं कुणीच म्हणणार नाही, पण यादी लिहायला बसल्यावर ती कुणाला सुचतही नाही. आपल्या वाचकांचं ‘फार थोडं लागतं’ हे या अर्थानं खरं आहे, की त्या काळात जुनं सगळं नीट चालू राहिलं त्यांना नवं फार थोडं लागलं.

वॉशरवरून आठवलं. केंद्राच्या १५ एप्रिलच्या सूचनांनुसार २० तारखेपासून प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार यांना काम करायची मुभा मिळाली. आमचा नळ तोवर तीन आठवडे गळत होता, खाली बादली लावून मी थेंब मोजत बसायची. प्लंबर आला, नळ उघडला, झिजलेला वॉशर बोटावर धरून मला दाखवला आणि म्हणाला, ‘काकू, मला यायची परवानगी आहे, ह्याला नाही.’ सामानाचं दुकान बंदच होतं. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून त्यानं वेळ मारून नेली. गोल मी कापला, माझ्या कात्रीनं. २१ एप्रिलला केंद्रानं खुलासा केला, की विजेच्या पंख्यांची आणि शालेय पुस्तकांची दुकानं उघडायला हरकत नाही. बरोबरच होतं, उन्हाळा तोंडावर नव्हे, डोक्यावर आला होता. पण २० तारखेला जो पंखा अनावश्यक होता तो २१ला आवश्यक झाला, यात पंखा बदलला नाही. कुणाच्या तरी घरातला बंद पडला असणार आणि त्यांचं म्हणणं योग्य ठिकाणी पोचलं असणार, असा माझा आपला अंदाज.

आता ह्यांच्याविषयी. ह्यांना कानाचं मशीन आहे. त्याला हरभऱ्याएवढा सेल लागतो, ३१२ नंबरचा, त्याच्यावर तपकिरी स्टिकर असतो. हे सेल हवेवर चालतात. स्टिकर सोलला की बारीक भोकातून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. एकदा जागा झाला की मशीन वापरा न वापरा, त्याचं आयुष्य सरत राहतं. म्हणजे ‘दिवसाला दोनच तास लावते, महिनाभर पुरवते’ अशी काटकसर फारशी चालत नाही. सहा सेलांची एक पट्टी आमच्याकडे होती, ती एप्रिलच्या मध्यावर संपली. सेल मिळायचे ते कानाच्या मशीनच्या केंद्रात, ते बंद. औषधाच्या दुकानात नव्हते. ऑनलाइन मागवावेत तर विकणाऱ्यालाच कोडं पडलेलं, की ही वस्तू वैद्यकीय साहित्यात धरायची की नुसता सेल म्हणून. वैद्यकीय साहित्य घरपोच द्यायला परवानगी होती, सेलला नव्हती. तीन वेळा फोन केला, तीन माणसांनी तीन उत्तरं दिली.

एरवी ह्यांचं अर्धं ऐकणं डोळ्यांनी चालतं, समोरच्याच्या ओठांवरून. आणि ओठ तर आता सगळ्यांचे झाकलेले, त्यातले निम्मे मीच झाकलेले. दारात कुणी आलं की हे नुसते त्याच्या कपाळाकडे बघत राहायचे. नातवाची जुनी पाटी काढली. पहिले दोन दिवस मजा वाटली. मग लक्षात आलं, की पाटीवर माणूस कामाचंच लिहितो. ‘जेवण वाढलंय.’ ‘गोळी घेतली?’ चाळीस वर्षांत मी ह्यांच्याशी किती बिनकामाचं बोलत असते ते मला पाटीनं दाखवलं. बावीस दिवस आमच्या घरात कुणी कुणाला टोमणा मारला नाही. टोमणा लिहून काढण्याइतका टिकत नाही. सेल आले त्या दिवशी हे पहिलं वाक्य काय बोलले असतील? ‘पंखा फार आवाज करतोय.’

तर कुठलं सामान आवश्यक ते ठरवताना यादी वस्तूंची नव्हती, दुकानांची होती, हेही सांगायला हवं. औषधाचं दुकान उघडं, म्हणून तिथल्या फळीवरचा केसांचा रंग आणि सुगंधी पावडर आपोआप आवश्यक. शिवणसामानाचं बंद, म्हणून सुई अनावश्यक. वस्तू कुणाच्या शेजारी मांडली आहे यावर तिचं नशीब.

केसांच्या रंगावरून माझीच एक फजिती लिहिते, नाहीतर सगळ्या जगाला शहाणपण शिकवते आहे असं वाटेल. इमारतीतल्या एक बाई रांगेत माझ्या पुढे होत्या, त्यांनी केसांच्या रंगाचं पाकीट घेतलं. मी मनात म्हटलं, बघा, जगावर काय आलंय आणि हिला काय सुचतंय. घरी येऊन ह्यांना पाटीवर लिहूनसुद्धा कळवलं (म्हणजे एक टोमणा लिहिला होता, वरचं वाक्य दुरुस्त समजावं). पुढे महिन्याभरानं कळलं, की त्यांची नोकरी टाळेबंदीच्या तिसऱ्या आठवड्यातच गेली होती. वय बावन्न. फोनच्या पडद्यावर मुलाखती चालू होत्या आणि पडद्यावर पहिल्यांदा दिसते ती केसांची मुळं. त्यांना त्या आठवड्यात त्या पाकिटाहून आवश्यक दुसरं काय असणार होतं? मी पोलिसदादासारखी यादी घेऊन उभी होते, फरक एवढाच की मला कुणी उभं केलं नव्हतं.

बाहेरच्या देशांतही हेच चाललं होतं, ते मी तेव्हा वर्तमानपत्रांतून कापून ठेवत असे. शिवणवालीच्या दृष्टीनं सगळ्यात मौजेचा नमुना दक्षिण आफ्रिकेचा. तिथं दारू-सिगारेटवर बंदी होतीच. १२ मे २०२०ला सरकारनं कुठले कपडे विकता येतील याची यादी काढली. तिथं हिवाळा येत होता म्हणून उबदार कपड्यांना मुभा. पण तिथला तपशील पाहा: बंद पंजाचे बूट चालतील. अर्ध्या बाह्यांचा विणीचा शर्ट चालेल, मात्र तो स्वेटरच्या आत घालायचा म्हणून मांडलेला हवा. आखूड पँट चालेल, बूट आणि लेगिंजबरोबर घालायची म्हणून. मी शिवणाच्या परीक्षा घेतल्या आहेत, कपड्यांची वर्गवारी कशी असते ते जाणते. एखादा कपडा आतला की बाहेरचा हे घालणारा ठरवतो, आणि ते दुकानातल्या फळीवर लिहून ठेवायला निघालं की असं होतं. लोक खूप हसले त्यावर. मला हसू आलं आणि त्या यादीवर बसून डोकं शिणवणाऱ्या कारकुनाची दयाही आली.

वेल्समध्ये ऑक्टोबर २०२०च्या सतरा दिवसांच्या टाळेबंदीत मोठ्या दुकानांना उघडं राहू दिलं, पण ‘अनावश्यक’ मालाच्या फळ्या झाकायला लावल्या. प्लॅस्टिकचे पडदे, रंगीत फिती, खोक्यांच्या भिंती. कपडे झाकले, भांडीकुंडी झाकली. साठ हजारांहून जास्त लोकांनी विरोधाच्या निवेदनावर सह्या केल्या आणि मग सरकारनं सांगितलं, की खरी गरज असेल तर दुकानदारानं तारतम्यानं वस्तू द्यावी. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एप्रिलमध्ये मोठ्या दुकानांतला रंगाचा आणि बागकामाचा विभाग बंद ठेवायला लावला. ऐन पेरणीच्या दिवसांत बियाणं मिळेना म्हणून ओरड झाली आणि दोन आठवड्यांत हुकूम सैल करावा लागला. फ्रान्सनं ऑक्टोबर २०२०च्या अखेरीस पुस्तकांची दुकानं बंद केली आणि फेब्रुवारी २०२१मध्ये तीच आवश्यकांत घातली. मला त्यातल्या त्यात इटलीचं आवडलं. १४ एप्रिल २०२०ला तिथं थोडी दुकानं उघडायची ठरली तेव्हा पुस्तकं आणि वह्या-पेन्सिलींच्या जोडीला लहान मुलांच्या कपड्यांची दुकानं उघडली. कुणाच्या तरी घरात तान्हं मूल असणार. जे संपतं आणि जे मोडतं त्याच्यापलीकडे तिसरं एक असतं, जे वाढतं. सहा आठवड्यांत तान्ह्याचं झबलं काखेत रुततं, हे शिवणाऱ्याला सांगावं लागत नाही.

याद्या करणाऱ्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. दुकानात माणूस जितका रेंगाळेल तितका धोका वाढतो. शिवाय छोट्या कपडेवाल्याला कुलूप लावायला लावायचं आणि मोठ्या दुकानदारानं तेच कपडे किराण्याच्या शेजारी विकायचे, हा अन्याय आहे. वेल्स आणि फ्रान्समध्ये फळ्या झाकल्या त्या या कारणानंही. छोट्याचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण त्यावर उपाय म्हणून गिऱ्हाइकाच्या हातातली किटली काढून घेतली, तर छोट्याच्या गल्ल्यात काय पडतं?

माझं म्हणणं साधं आहे. पुन्हा कधी अशी वेळ आली (येऊ नये), तर माणसं मोजा, वेळ मोजा, अंतर मोजा. पिशवीत डोकावू नका. आणि दर घराला आठवड्यातून एक वस्तू यादीबाहेरची घेऊ द्या, कारण न विचारता. दुकान उघडायचं नसेल तर अर्धं शटर वर करून, चिठ्ठी घेऊन, वस्तू बाहेर द्यावी. कुणी त्या हक्कात खेळण्यातली मोटार घेईल, कुणी केसांचा रंग. घेऊ देत. एकच घ्यायची म्हटल्यावर माणूस घरी बसून नीट विचार करतो, आमच्या गावच्या यादीवाल्यांपेक्षा जास्त नीट. आमच्या घरी तर भांडण झालं असतं, पहिल्या आठवड्यात सेल की सुई. मी सेल म्हटलं असतं, हे सुई म्हणाले असते, आणि तेही पाटीवर.

सुईचं पुढे काय झालं ते राहिलं. त्या शिवणसामानवाल्यानं मला फोनवर सांगितलं, ‘बाई, दुकान उघडता येत नाही, पण घरी एक पाकीट पडलंय.’ संध्याकाळी फाटकाच्या गजांमधून त्यानं कागदाची पुडी आत सरकवली. दहा सुया, चौदा नंबरच्या. पैसे घेईना. म्हणाला, ‘मास्क द्या चार, आमच्याकडे कुणालाच नाहीत.’ इलॅस्टिकचं आख्खं रीळ कुलपात बंद करून बसलेला माणूस नाडीचे मास्क घेऊन गेला.

हे पत्र ह्यांना वाचून दाखवलं, या वेळी हळू आवाजात. त्यांचं म्हणणं, इतकं लांबण लावायची गरज नव्हती. त्या वाचकांना एवढंच विचारायचं होतं: त्या दोन महिन्यांत तुमचा चष्मा एकदा तरी खाली पडला होता का?

आपली,
एक निवृत्त शिवणशिक्षिका